हिचमचा सोमवारचा वर्ग

'बीगल' जहाजावर तरुण डार्विनला धाडावे, अशी शिफारस १८३१ मध्ये केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो यांनी केली. पाठ्यपुस्तकांत त्यांची ओळख बहुधा एवढीच असते. वनस्पतींचे वर्गीकरण शिकवताना मला मात्र हिचमचे रेक्टर हेन्स्लो अधिक मोलाचे वाटत आले आहेत.

हिचम हे सफोक परगण्यातले, शेतीवर जगणारे, हजारेक वस्तीचे पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतले गाव. १८३७ मध्ये हेन्स्लो तिथले रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू झाले आणि १८३९ पासून तिथेच राहू लागले. रेक्टरचे उत्पन्न वर्षाला हजार पौंडांच्या वर, तर शेतमजुराच्या हाती आठवड्याला आठ-नऊ शिलिंग. काम सुटले की १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने नेमून दिलेले वर्कहाउस, म्हणजे निराधारांकडून काम करून घेऊन त्यांना आसरा देणारे घर. मुलांना शाळेपेक्षा पाखरे राखायचे काम आधी लागे. हजेरीची सक्ती इंग्लंडमध्ये १८८० साली आली.

अशा गावात हेन्स्लोंनी शाळा उभी केली आणि सोमवारी वनस्पतिशास्त्राचा ऐच्छिक वर्ग सुरू केला. तिथे मजुरांच्या मुलींना फुलांची नुसती नावे पाठ करायची नव्हती. प्रत्येक फूल उकलायचे, निदल, दल, पुंकेसर, स्त्रीकेसर मोजायचे, कोणता भाग कशाला चिकटलेला आहे ते पाहायचे आणि तक्त्यात मांडायचे. 'मोनोकॉटिलेडन'सारखे शब्दही त्यांना अचूक लिहावे लागत. मुलांना झेपणार नाही म्हणून शास्त्र पातळ करणे हेन्स्लोंना मान्य नव्हते.

मजुरांना खंडाने कसायला पाव एकर, म्हणजे दहा गुंठे जमीन मिळावी यासाठीही ते झटले. मजूर स्वतःच्या तुकड्यावर राबेल आणि आमच्या कामात कसर करील, अशी मोठ्या शेतकऱ्यांना धास्ती होती. असा तुकडा घेणाऱ्याला कामावर ठेवायचे नाही, असे त्यांनी ठरवले. रेक्टर मागे हटले नाहीत. गरिबाच्या हाती स्वतःचे असे काहीतरी हवे, हीच धारणा मला त्या जमिनीमागे दिसते आणि त्या वर्गामागेही.

१८६१ मध्ये हेन्स्लो हिचमलाच वारले. त्यांच्या हस्तलिखित टिपणांच्या आधारे डॅनिएल ऑलिव्हर यांनी प्राथमिक वनस्पतिशास्त्राचे पुस्तक रचले. पुढे १८६९ मध्ये ऑलिव्हर यांनीच भारतीय विद्यार्थ्यांसाठी इथल्या वनस्पतींवर पुस्तक लिहिले. आपण आजही ज्याचा आधार घेतो, तो ब्रिटिश भारताच्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारे जोसेफ हूकर हे हेन्स्लोंचे जावई.

आमच्या महाविद्यालयांत फूल उकलण्याचे प्रात्यक्षिक मागे पडत चालले आहे, याची मला खंत वाटते. त्याला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. एक सुई, एक भिंग आणि बांधावरचे कोणतेही रानफूल पुरते. हे शिक्षण पाचवीपासून, गावागावांतल्या शाळांत द्यायला हवे. ते मुलांना पेलते, हे हिचमच्या मुलींनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले आहे.