खेळाची पेटी

लातूरच्या एका सुताराच्या मुलाने सुटीत पडद्यावरील खेळांची पेटी घडविण्याचे ठरविले. १९७२ साली अमेरिकेत ॲलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ या खेळासाठी घरगुती दूरदर्शन संच अशाच लाकडी पेटीत बसविला होता.

मुलाने करवत उचलताच वडील म्हणाले, “बाळ, कापलेली फळी पुन्हा जुळत नाही. आधी पुठ्ठ्याची कर.”

पुठ्ठ्याच्या पेटीपुढे तो स्वतः उभा राहिला. सारे ठीक भासले. मग नांदेडहून आलेली धाकटी मामेबहीण पुढे झाली. तिचे हात बटणांपर्यंत पोहोचले. डोळे मात्र पडद्यापर्यंत पोहोचेनात. ती मुकाट्याने मागे सरली.

त्याने सारी मापे खोडली. पडदा खाली आणून किंचित मागे कलता केला. म्हणजे उंच खेळगड्यासही तो दिसावा. नंतरच त्याने तिला हाक मारली, आणि मापाची दोरी प्रथम तिच्या उंचीला लावली.