पडद्यामागील सुरांचे दप्तर

पुण्याजवळच्या एका मोटार-कारखान्याच्या कामानिमित्त इटलीतील तुरीन शहरी दीर्घकाळ वास्तव्य करण्याचा योग मला आला, आणि आल्प्सच्या पायथ्याशी, पो नदीच्या काठी वसलेल्या त्या भारदस्त व मितभाषी नगरीने माझ्या मनावर जे संस्कार केले, त्यांत सर्वांत खोलवर रुजलेला संस्कार जुन्या तबकड्यांचा होय. या तबकड्या इटालियन संगीतनाटकांतील विख्यात गायकांच्या नव्हेत; १९७०च्या आगेमागे त्या देशात मोठ्या संख्येने निघालेल्या, खून, दरोडे, अपहरणे आणि फौजदारी तपास यांवर आधारलेल्या चित्रपटांच्या पार्श्वसंगीताच्या त्या तबकड्या होत. त्या चित्रपटांना तत्कालीन समीक्षकांनी बहुधा हिणकसच लेखले. परंतु त्यांचे संगीत आज जुन्या ध्वनिफितींवरून शुद्ध करून नव्या आवृत्त्यांच्या रूपाने पुन्हा प्रसिद्ध होत आहे, आणि या पुनर्मुद्रणाचे मोल संग्राहकाच्या हौसेपलीकडचे आहे, अशी माझी त्या वास्तव्यात दृढ धारणा झाली.

पोर्ता पालात्सोच्या विस्तीर्ण मंडईमागे दर शनिवारी ‘बालोन’ नावाचा जुना बाजार भरतो. तेथील एका गल्लीत, आयुष्यभर कारखान्यात यंत्रावर उभे राहून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांचे तबकड्यांचे लहानसे दुकान होते. कोणतीही तबकडी विकण्यापूर्वी ते ती लावून ऐकवीत, आणि ऐकवून झाल्यावर ते सूर कोणत्या प्रसंगी येतात हे सांगण्याऐवजी ते कोणी वाजवले, कोणी गायले, कोणत्या हातांनी ध्वनिमुद्रित केले, याची कैफियत देत. त्यांनी मला प्रथम दिली ती ‘प्रोफोंदो रोस्सो’ या १९७५ सालच्या चित्रपटाच्या तबकडीची नवी आवृत्ती. दारिओ अर्जेंतो या दिग्दर्शकाने या चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण तुरीनमध्येच केले असल्यामुळे ती तबकडी ऐकणे आणि शहर पाहणे या दोन क्रिया माझ्यापुरत्या एकरूप झाल्या. ज्या चौकात पो आणि दोरा या दोन नद्यांची प्रतीके असलेली कारंजी उभी आहेत आणि जेथे चित्रपटातील दोन मित्र मध्यरात्री बोलत थांबतात, तो चौक माझ्या नित्याच्या वाटेवर होता. आणि ज्या हवेलीच्या भिंतीआड चित्रपटातील रहस्य दडलेले आहे, ती पिएत्रो फेनोल्यो या वास्तुविशारदाची विल्ला स्कॉत नदीपलीकडच्या टेकडीवर आजही आपल्या वेलबुट्टीदार खिडक्यांनिशी उभी आहे.

या संगीताचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. प्रथम हे काम जॉर्जो गास्लीनी या व्यासंगी जॅझ-संगीतकाराकडे होते. परंतु अर्जेंतो यांना हवा असलेला आघात त्यांच्या रचनांत न सापडल्याने, क्लाउदिओ सिमोनेत्ती, मास्सिमो मोरान्ते, फाबिओ पिन्यातेल्ली इत्यादी तरुण वादकांच्या, त्या काळी फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या एका चमूला पाचारण करण्यात आले, आणि ‘गॉब्लिन’ हे नाव धारण करून त्या मुलांनी विजेची वाद्ये व गिरजाघरातील ऑर्गन यांच्या संयोगातून असे काही निर्माण केले की भीतिपटाची ती तबकडी इटलीतील खपाच्या यादीत अग्रस्थानी जाऊन बसली. सिनेव्हॉक्स या प्रकाशनाने काढलेल्या मूळ तबकडीवर सातच रचना होत्या. पुढील विस्तारित आवृत्त्यांत गास्लीनींचे मागे राहिलेले तुकडेही आले, आणि त्यामुळे चित्रपटात वारंवार येणारे, मुलांच्या स्वरातील ते निष्पाप व म्हणूनच भयंकर वाटणारे अंगाईसदृश गीत गास्लीनींचे आहे, हे श्रोत्याला अधिक नीट उमगले. ज्याचे श्रेय त्याच्या पदरी घालणे हे पुनर्मुद्रणाचे पहिले पुण्यकृत्य, असे मी मानतो.

या मार्गाने मी मागे गेलो, तो एन्नियो मोरिकोने यांच्यापाशी पोहोचलो. अर्जेंतो यांचा पहिला चित्रपट ‘स्फटिकपिसांचा पक्षी’ १९७० साली आला, आणि त्याचे संगीत मोरिकोने यांचे होते. गोफ्रेदो पेत्रास्सी यांच्याकडे रचनाशास्त्राचे रीतसर अध्ययन केलेले आणि फ्रांको एव्हांजेलिस्ती यांनी १९६४मध्ये स्थापिलेल्या उत्स्फूर्त वादनाच्या प्रयोगशील मंडळात स्वतः तुतारी वाजवणारे मोरिकोने यांना या चित्रपटांत अशी मोकळीक लाभली, की जी त्यांना गंभीर संगीताच्या सभागृहांतही क्वचितच लाभली असती. वाद्यवृंदातील एकेकाला स्वतंत्र लहान लहान स्वरखंड लिहून द्यावेत, आणि संचालक ब्रूनो निकोलाई यांनी केवळ हाताच्या इशाऱ्याने कोणता खंड केव्हा उठावा, केव्हा विरावा, हे त्या त्या क्षणी ठरवावे, अशी त्यांची पद्धती होती. सामान्य प्रेक्षक खुन्याच्या हातमोज्यांकडे टक लावून बसला असता त्याच्या कानांवर युरोपातील अत्याधुनिक संगीत पडत होते.

या सर्वांवर तरंगतो तो एद्दा देल्लोर्सो यांचा निःशब्द कंठ. हिवाळ्यातील तुरीनमध्ये दुपारी चारनंतरच अंधारू लागते, आणि अशा वेळी, चित्रपट पाहिलेला नसताना, केवळ तबकडीवरून तो स्वर ऐकताना मी जो अनुभव घेतला त्याचे वर्णन करावयाचे तर मला आमच्या आलापाचाच आधार घ्यावा लागतो. शब्दाविना कंठ किती सांगू शकतो, हे गाण्याच्या बैठकींत वाढलेल्या मराठी श्रोत्याला शिकवावे लागत नाही. परंतु आलापात प्रत्येक स्वरागणिक रागाच्या स्वरूपाचा निश्चय होत जातो, तर या गायिकेच्या प्रत्येक उच्छ्वासागणिक होता तो निश्चय ढळत जातो. गोड वाटलेली लकेर पुढच्याच क्षणी धापेत परिणत होते, आणि ही आई गाते आहे की बळी पडणारी स्त्री, याचा निवाडा अखेरपर्यंत होत नाही. पोलिसी चौकशीच्या कोणत्याही कथेचा गाभा अनिश्चितताच असतो, आणि तो येथे कथेवाचून प्रत्ययास येतो.

दुकानदारांच्या संग्रहाचा दुसरा विभाग पोलिसपटांचा होता. मिलानमधील पियात्सा फोंताना येथील बँकेत १२ डिसेंबर १९६९ रोजी स्फोट होऊन सतरा माणसे मृत्युमुखी पडली, आणि तेथून पुढे दशकभर त्या देशात बॉम्ब, अपहरणे व राजकीय हत्या यांचे सत्र चालले. ते दिवस त्या वृद्धांनी तुरीनमध्येच काढले होते. १९७७च्या एप्रिलमध्ये तेथील वकीलमंडळाचे अध्यक्ष फुल्व्हिओ क्रोचे मारले गेले. नोव्हेंबरमध्ये ‘ला स्ताम्पा’ या वृत्तपत्राचे उपसंपादक कार्लो कासालेन्यो यांच्यावर त्यांच्या घराच्या दारात गोळ्या झाडल्या गेल्या आणि काही दिवसांनी त्यांचे देहावसान झाले. लाल ब्रिगेड या सशस्त्र अतिडाव्या संघटनेच्या खटल्यात पंच म्हणून बसण्यास भ्यालेले नागरिक न्यायालयात वैद्यकीय दाखले हजर करीत होते. ही जबानी देता देता त्या वृद्धांनी स्तेल्विओ चिप्रियानी यांची, १९७२च्या ‘ला पोलित्सिया रिंग्रात्सिया’ या चित्रपटाची तबकडी लावली. निवृत्त अधिकाऱ्यांची एक गुप्त टोळी कायदा बाजूस सारून गुन्हेगारांना परस्पर देहांत शासन देते, अशी त्याची कथा. त्या काळी पडद्यावर जे दिसे त्यापेक्षा बाहेरचे अधिक भेसूर असे, आणि तरीही आम्ही चित्रगृहांत जात असू, कारण तेथे आमच्या भयाला निदान एक ताल मिळे, असे ते म्हणाले. आणि संगीतकार मिकालित्सी यांच्या ‘रोमा आ मानो आर्माता’मधील पितळी वाद्यांचा धावता ठेका किंवा ‘मिलानो कालिब्रो नोव्हे’मध्ये लुईस बाकालोव यांनी वाद्यवृंद व नेपल्सचा ओसान्ना हा वाद्यचमू यांची घातलेली गाठ मी आज ऐकतो, तेव्हा त्यांच्या या उद्गारातील सत्य मला पटते. एलिओ पेत्री यांच्या १९७०च्या ऑस्करविजेत्या चित्रपटात, स्वतःच केलेल्या खुनाच्या तपासाशी खेळणाऱ्या, मूळच्या सिसिलीच्या पोलीस अधिकाऱ्यासाठी मोरिकोने यांनी मोर्चंग आणि मुद्दाम बेसूर ठेवलेला पियानो योजला आहे. सत्तेचा मद आणि तिचे पोकळपण यांचे इतके नेमके आरोपपत्र शब्दांत क्वचितच लिहिले गेले असेल.

तबकडी पुनश्च सिद्ध कशी होते हे मला एका ध्वनितज्ज्ञाने प्रत्यक्ष दाखवले. त्या काळच्या कित्येक फितींवरील चुंबकीय लेप धरून ठेवणारा बंधक पदार्थ हवेतील ओलावा शोषून चिकट होतो, आणि तशीच फीत यंत्रावर चढवली तर लेपच खरवडून निघतो. म्हणून ती प्रथम पन्नास-पंचावन्न अंशांच्या मंद उष्णतेत कित्येक तास ठेवावी लागते, आणि त्यानंतर मिळणाऱ्या अल्प अवधीत तिची नक्कल करून घ्यावी लागते. फितींच्या खोक्यांवरील अनुक्रमांक, चित्रपटातील प्रसंग आणि वादनाचे निरनिराळे प्रयत्न यांचा मेळ घालणे हे तर एखाद्या जुन्या खटल्याचे मुद्देमालासह दप्तर पुन्हा लावण्यासारखे काम आहे. हे सोसणारी माणसे आहेत म्हणूनच मोरिकोने यांच्या निधनाच्या वर्षी, २०२०मध्ये, ‘मोरिकोने सेग्रेतो’ या संग्रहातून त्यांच्या काही अप्रकाशित रचना जगाला ऐकता आल्या.

तुरीनहून परतल्यावर माझे लक्ष साहजिकच आपल्याकडे वळले. ‘शोले’ हा चित्रपटही १९७५चाच. त्याच्या संवादांच्या तबकड्या गावोगावी वाजल्या, परंतु हिंदी आणि मराठी चित्रपटांचे पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध होणे हा विरळा अपवादच राहिला, आणि त्यासाठी रात्री जागवणाऱ्या सतारिये, सारंगिये, व्हायोलिनवादक यांची नावे श्रेयनामावलीतही क्वचितच आली. ज्यांच्याजवळ अशा फिती आहेत त्यांनी त्या जपाव्यात, त्यांची नोंद करावी, आणि जे वादक आज हयात आहेत त्यांच्या आठवणी वेळीच लिहून घ्याव्यात, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते. इटलीतील नव्या आवृत्त्यांपैकी उत्तम आवृत्त्यांच्या वेष्टनांवर संगीतकाराबरोबर संचालक, गायिका व वादक यांचीही नावे मी वाचतो. ज्यांच्या श्रमांतून आपले भय आणि आपले रंजन घडले त्यांची नावे जाणून घेणे हा श्रोत्याचा हक्क आहे, आणि ती छापणे हे प्रकाशकाचे कर्तव्य आहे.