फॅन आर्टची बाद फेरी

फॅन आर्ट म्हणजे दुसऱ्याने घडवलेल्या पात्राचं, त्या पात्रावर जीव असलेल्या कुणीतरी काढलेलं चित्र. पात्र कॉमिकमधलं असेल, अ‍ॅनिमेमधलं, व्हिडिओ गेममधलं किंवा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या चौकटीतलं. अशा चित्रांच्या स्पर्धा बहुतेक एका दमात आटोपतात. चित्रं येतात, तीन नंबर निघतात, बाकीच्यांना प्रमाणपत्र मिळतं. बाद फेऱ्यांच्या स्पर्धेत मात्र दर फेरीला नवा विषय असतो, काही जण गळतात, उरलेले पुढे सरकतात. एकाच चित्रकाराची चार-पाच चित्रं ओळीने परीक्षकांपुढे येतात, आणि मागच्या चित्रावर सांगितलेलं पुढच्या चित्रात उतरलं का, हे लगेच कळतं. अभिप्राय देण्यासाठी याहून चांगली जागा नाही. पण इथेच एक गोम आहे. ज्याला अभिप्रायाची गरज सगळ्यांत जास्त, तोच सगळ्यांत आधी घरी जातो. स्पर्धा आखताना घ्यायचे बरेचसे निर्णय या एका गोमेतून निघतात.

सुरुवात पात्र निवडण्यापासून होते. ज्याला जे आवडेल ते काढू दिलं, तर परीक्षक चित्रांऐवजी पात्रांची तुलना करू लागतात. म्हणून एक पात्र किंवा निदान एकच जग ठरवलेलं बरं. नवशिक्यांसाठी पोकेमॉनमधला पिकाचू सोयीचा. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या गेममधलं हे पात्र अत्सुको निशिदा यांनी घडवलं. आकार साधा, ओळख पक्की, आणि तरीही चुकायला भरपूर वाव. त्याच्या शेपटीचं टोक काळं असतं, असं असंख्य चाहते छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात काळी टोकं असतात ती कानांची. नेहमीच्या पिकाचूची शेपटी विजेच्या आकाराची आणि पिवळी असते, फक्त बुडाशी तपकिरी. आठवणीतून काढलेल्या चित्रांत ही चूक हमखास सापडते. तेव्हा पात्राचं समोरून, बाजूने आणि मागून दिसणारं रूप दाखवणारा एक कागद पहिल्याच दिवशी सर्वांना द्यावा. म्हणजे एखाद्याने शेपटी काळी केली, तर ती चूक आहे की मुद्दाम केलेला बदल, हे विचारता तरी येतं.

मुद्दाम केलेल्या बदलावरच तर फॅन आर्ट उभं असतं. मूळ जसंच्या तसं उतरवलं की ती नक्कल होते, आणि मूळ ओळखूच आलं नाही तर चाहतेपणाला जागा उरत नाही. शिवाय ओळख नुसत्या रूपात नसते. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ काढायला दिला, तर चौकड्यांचा कोट, धोतर आणि गोल चष्मा सगळेच काढतात. पण १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त दिसत राहिलेला हा माणूस बोलत नाही, नुसता बघत असतो. त्याच्या तोंडी संवादाचा फुगा दिला, तर कोट कितीही हुबेहूब असला तरी पात्र हातचं निसटतं. परीक्षकांच्या कसोट्यांत ‘साम्य’ आणि ‘स्वभाव’ हे दोन मुद्दे वेगळे ठेवायचे ते यासाठीच.

फेऱ्यांचे विषय सोप्याकडून अवघडाकडे न्यावेत असं सांगितलं जातं. ते बरोबरच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. दर फेरीने वेगळं कसब तपासलं पाहिजे. पहिल्या फेरीत पात्र जसं आहे तसं, पण ठरवून दिलेल्या कोनातून. दुसऱ्या फेरीत हावभाव. तिसरीत उजेड आणि अंधार. चौथीत दोन पात्रांमधला प्रसंग, आणि शेवटी मोकळा विषय. मोकळा विषय पहिल्याच फेरीत दिला, तर ज्याच्याकडे आधीपासून एखादं देखणं चित्र तयार आहे, तो तेच पाठवून मोकळा होतो.

आता गळतीचा हिशेब. दोघादोघांच्या जोड्या लावायच्या तर सोळा स्पर्धकांना चार फेऱ्या पुरतात. पण दोन तगडे चित्रकार पहिल्याच फेरीत समोरासमोर आले, की त्यातला एक नाहक बाहेर जातो. कुस्तीच्या फडात हे खपतं, कारण तिथे दोघं खरोखर एकमेकांशी लढत असतात. चित्रं एकमेकांशी लढत नाहीत. म्हणून सगळ्यांची चित्रं एकत्र बघून तळाची काही गाळावीत, हे अधिक न्यायाचं. मात्र दर वेळी एकच गाळला तर बारा जणांना अकरा फेऱ्या लागतात, आणि तोवर सगळ्यांचाच उत्साह मावळतो. बारावरून नऊ, सहा, चार, दोन अशी उतरण ठेवली की पाच फेऱ्यांत काम होतं. या आखणीत प्रत्येक परीक्षकासमोर एकूण तेहतीस चित्रं येतात. एका चित्राचा अभिप्राय लिहायला वीस मिनिटं धरली, तरी अकरा तास झाले. परीक्षकाला होकार द्यायच्या आधी हा आकडा सांगावा. नाहीतर तिसऱ्या फेरीपासून अभिप्राय ‘छान!’वर येऊन थांबतात.

गुण देण्याची पद्धत वरवर क्षुल्लक वाटते, पण निकाल तिच्यावर फिरतो. दहापैकी गुण द्यायला सांगितलं, तर एक परीक्षक सगळ्यांना सात-आठच देतो आणि दुसरा दोनपासून दहापर्यंत मुक्त संचार करतो. बेरीज केली की निकाल व्यवहारात त्या दुसऱ्याचाच लागतो. त्यापेक्षा प्रत्येक परीक्षकाने चित्रांचा क्रम लावावा आणि क्रमांकांची बेरीज घ्यावी. क्रमावरून निवड करण्याची ही रीत जाँ-शार्ल द बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाने १७७० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली होती, आणि चित्रकलेलाही ती बरी लागू पडते. बेरीज सारखी झाली तर कोणती कसोटी आधी धरायची, हे चित्रं येण्यापूर्वीच लिहून ठेवावं. चित्रं परीक्षकांकडे नावाशिवाय, फक्त क्रमांक टाकून जावीत.

अभिप्राय हे सगळ्यांत अवघड काम. महाराष्ट्रात शाळेत चित्रकला शिकलेल्या अनेकांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतात. तिथे श्रेणी मिळते, पण स्मरणचित्रात नेमकं कुठे बिनसलं, ते कुणी सांगत नाही. नुसत्या श्रेणीची सवय लागलेला स्पर्धक अभिप्रायही श्रेणीसारखाच वाचतो: आवडलं की नाही आवडलं? ही सवय मोडायची तर अभिप्रायाला चित्रातली नेमकी जागा दाखवावी लागते. समजा, तिसऱ्या फेरीत कुणी वादळातला पिकाचू काढला. ‘प्रकाशयोजना कच्ची, सराव वाढवावा’ हा शेरा खरा असला तरी कुचकामी. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘वीज पात्राच्या मागे चमकते आहे, पण पोट आणि गाल समोरून उजळले आहेत. उजेड मागून असेल तर कानांच्या आणि शेपटीच्या कडा उजळतील आणि पोट सावलीत जाईल. पोटाचा पिवळा रंग एक-दोन पायऱ्या गडद करून बघा.’ यात काय दिसतं, ते का खटकतं आणि पुढे काय करून बघायचं, तिन्ही आलं. शेवटची सूचना अर्ध्या तासात करून बघता येते, हे तिचं मोल.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये कलाकृतीवर अभिप्राय देण्याची चार टप्प्यांची पद्धत बसवली. आधी बघणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं, मग कलावंताने प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यांनी मत न लादता प्रश्न विचारायचे, आणि मत सगळ्यांत शेवटी, तेही कलावंताची परवानगी घेऊन. स्पर्धेच्या घाईत चारही टप्पे जमत नाहीत. दुसरा मात्र सोडू नये. चित्रासोबत दोन ओळी मागाव्यात: काय साधायचं होतं, आणि घोडं कुठे अडलं. ‘हात पाठीमागे लपवला, कारण बोटं जमत नाहीत’ एवढं स्पर्धकाने लिहिलं तरी परीक्षकाचा निम्मा वेळ वाचतो. चित्रावर रेषा मारून दुरुस्ती दाखवायची असेल तर आधी विचारावं. काहींना त्यातून चटकन कळतं, काहींना आपलं चित्र हिसकावून घेतल्यासारखं वाटतं.

एका चित्रावर एकच मोठा दोष सांगावा. सात दोषांची यादी वाचून सातही दुरुस्त करणारा चित्रकार विरळा. आणि कौतुकही नेमकं हवं. ‘रंग सुंदर’ यापेक्षा ‘पार्श्वभूमी निळसर ठेवल्यामुळे पिवळा रंग पुढे आला’ हे जास्त उपयोगी, कारण ते पुढच्या चित्रात पुन्हा करता येतं.

गळालेल्यांचे अभिप्राय आधी लिहावेत, पुढे गेलेल्यांचे नंतर. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं, आणि पहिल्याच फेरीत गळालेल्याच्या वाट्याला घाईतली एक ओळ येते. शिवाय निकाल आणि अभिप्राय एकाच वेळी पाठवावेत. नुसता निकाल आधी गेला, तर दोन दिवसांनी पोहोचलेला अभिप्राय सारवासारवीसारखा वाटतो.

नियमांपैकी दोनच गोष्टी मुद्दाम सांगण्याजोग्या. कच्च्या रेखाटनाचे एक-दोन फोटो चित्रासोबत मागावेत. गिरवलेली आणि एआयने बनवलेली चित्रं त्यामुळे बरीचशी वेगळी काढता येतात, आणि परीक्षकालाही चूक रेखाटनात होती की रंगकामात, ते दिसतं. दुसरी बाब हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘फॅन आर्ट’ असा वेगळा प्रकार नाही. पात्र मूळ निर्मात्याचंच राहतं, त्यामुळे स्पर्धेतल्या चित्रांचे टी-शर्ट किंवा प्रिंट काढून विकण्याच्या भानगडीत आयोजकांनी पडू नये.

अंतिम फेरीनंतर आठवड्याभराची मुदत देऊन गळालेल्यांसाठी एक फेरी ठेवता येते. आपण ज्या चित्रावर बाद झालो, तेच अभिप्राय समोर ठेवून पुन्हा काढायचं. या फेरीत कुणी बाद होत नाही, नंबरही लागत नाहीत. प्रदर्शन भरवायचं असेल तर जुनं आणि नवं चित्र शेजारी-शेजारी लावावं आणि खाली परीक्षकाचा मूळ अभिप्राय चिकटवावा, अर्थात चित्रकाराची हरकत नसेल तर. चित्र सुधारलं असेल तर ते दिसतंच. सुधारलं नसेल, तर अभिप्राय पुरेसा स्पष्ट होता का, हे परीक्षकांनी तिथेच उभं राहून पुन्हा वाचून बघावं.