फोटोखालचं नाव

जस्ताचा ब्लॉक. खिळे जुळवून छापायच्या काळात फोटोचा आधी ब्लॉक करावा लागे आणि तो खर्च साप्ताहिकवाल्याला जड जाई. म्हणून छोट्या पत्रांच्या कचेऱ्यांत पुढाऱ्यांचे ब्लॉक खणात जपलेले असत; जयंती आली की तोच चेहरा पुन्हा. ऑफसेट आलं तशी फोटोंना जागा झाली. गावातल्या स्टुडिओवाल्याला, बारशा-मुंजीचे फोटो काढणाऱ्याला पेपरची वाट त्यातून मोकळी झाली. ठाण्याला 'ठाणेवैभव' १९७५ पासून होता, मुंबईच्या मोठ्या दैनिकांनी पुढे ठाण्यासाठी वेगळी पानं काढली, आणि या पानांना रोज ताजा फोटो लागे.

फिल्मचा १०० फुटांचा डबा. तयार रोल महाग पडे. डबा आणायचा आणि मिट्ट काळोखात, हाताच्या अंदाजाने जुन्या नळकांड्यांत भरायचा. छत्तीस फोटोंचे सुमारे १८ रोल निघत. उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' असे, कधी 'ऑर्वो'. सभा कितीही रंगली तरी तीन फोटोंत आटपायचं. हात उचलला, गर्दी, व्यासपीठ, बस्स. उरलेला रोल संध्याकाळी अपघात झाला तर लागणार.

न्हाणीघरातली डार्करूम. खिडकीला काळं कापड, पाटावर ट्रे, वर तांबडा दिवा. फिल्म धुताना तोही बंद. डेव्हलपर २० अंशांच्या आसपास हवा आणि डोंबिवलीच्या मे महिन्यात नळाचं पाणीच कोमट. मग ट्रेभोवती बर्फ. घरातल्यांनी तेवढा वेळ अंघोळीला थांबायचं. बोटांना हायपोचा वास राही. या कामात घरच्या बाईचा वाटा किती होता, हे कुठेच छापून आलं नाही. प्रिंट वाळवणं, पाकिटावर पत्ता घालणं, नवरा लोकलमध्ये असताना दुकान बघणं तिच्याकडेच असे.

संध्याकाळची फास्ट लोकल. आज मला सगळ्यात जास्त आठवावीशी वाटते ती हीच. दुपारी कल्याणला मोर्चा झाला, चारला प्रिंट निघाली, ती धड वाळलेली नाही, आणि पाकीट घेऊन माणूस डोंबिवलीच्या फलाटावर उलट्या दिशेच्या गाडीत चढतो आहे. सारं शहर घरी येतं तेव्हा हा मुंबईकडे. 'सामना'साठी दादरला उतरून प्रभादेवी. मग व्हीटी, समोर टाइम्सच्या इमारतीत 'महाराष्ट्र टाइम्स', तिथून नरिमन पॉइंटला एक्स्प्रेस टॉवर्समध्ये 'लोकसत्ता'. प्रत्येक ठिकाणी वेगळी प्रिंट द्यायची, एकच फोटो दोघांना दिला तर दोघेही तुटतात. मागे पेन्सिलीने ओळ लिहिलेली: कोण, कुठे, डावीकडून कोण. शाईने लिहिलं तर पुढे उमटतं. उपसंपादक मान वर न करता पाकीट ठेवून घेई. छापेल की नाही ते सकाळी स्टॉलवर कळायचं.

कात्रण आणि व्हाउचर. पैसे छापलेल्या फोटोचे. काढलेल्याचे, पोचवलेल्याचे नाहीत. कात्रणं चिकटवून महिन्याचं बिल करायचं. प्रवास आणि कागद वजा जाता हाती फार उरत नसे. तरी माणसं हे करत राहिली, कारण फोटोखाली बारीक अक्षरांत 'छाया :' आणि पुढे आपलं नाव असे. त्या नावावर गल्लीत ओळख होती, पोलीस चौकीत उभं राहता येई.

२६ मे २०१६ ला डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा गच्चीगच्चीवरून फोनमध्ये टिपलेला धूर आधी सगळीकडे पोचला. त्यात वाईट काही नाही, लोकांनी पाहिलं ते दाखवलं. पण आता फोटोखाली 'समाजमाध्यमावरून साभार' येतं. साभार म्हणजे कोणाचे आभार?

राहिले निगेटिव्हचे खोके. कल्याण स्टेशनाबाहेरचे टांगे, वागळे इस्टेटमध्ये पाळी सुटताना बाहेर पडणारे कामगार, टेंभी नाक्याची हंडी, १९९९ ची डोंबिवलीची पहिली स्वागतयात्रा: हे सगळं असल्या खोक्यांत असणार, कपाटांच्या वर. जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात, घर रिकामं करताना खोका भंगारात जातो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत फिल्मला बुरशी धरते, पुढे व्हिनेगरसारखा वास सुटतो, आणि मग ती वाचत नाही. घरच्यांना सहसा ठाऊक नसतं की नोकरीत नसलेल्या आणि स्वतःहून फोटो काढलेल्या माणसाचा हक्क, तो लिहून दिला नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्याचाच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंची मुदतही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत धरली जाते.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. पुस्तकं सांभाळायची त्यांची सवय जुनी आहे. हे खोके त्यांनी मागून घ्यावेत. प्लॅस्टिक नको, आम्लरहित कागदाची पाकिटं हवीत, कोरडी खोली हवी. आणि घाई हवी ती एका कामाची: छायाचित्रकार हयात असताना त्याला शेजारी बसवून, पट्टी उजेडात धरून, डावीकडून कोण कोण ते लिहून घ्यायचं.