पत्रांतले आजी-आजोबा



ग्वाल्हेरला लष्करमधले आमचे जुने घर रिकामे करताना पत्र्याच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा निघाला. आत ४१ पत्रे, १९४३ ते १९४५ सालची. आजोबा ग्वाल्हेर संस्थानात नोकरीला, आजी झाशीला माहेरी. लग्न ठरले होते, मुहूर्त वर्षभराने होता.

अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे, पण मुलुख दोन. ग्वाल्हेर शिंद्यांचे, झाशी इंग्रजांची. आजोबांच्या पाकिटांवर तिकीट इंग्रज बादशहाचेच, पण वर ‘ग्वालियर’ असे छापलेले. आजीकडच्या तिकिटांवर ते नाही.

आमच्या घरात तेव्हा वाग्दत्त वधूला थेट पत्र लिहिण्याची रीत नव्हती. म्हणून आजोबांची पत्रे भावी मेहुण्याच्या नावे, आणि तीही मोडीत! मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरे जोडत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले. देवनागरीपलीकडे आमची गती नाही. ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांनी ओळीवर बोट ठेवून पत्रे वाचून दाखवली. कचेरीचे काम, रॉकेलची टंचाई, थंडी किती पडली, एवढेच. शेवटी मात्र दर वेळी एकच पृच्छा, ‘आपल्या भगिनींचे पुस्तक वाचून झाले काय?’ आणि मेहुण्याच्या उत्तराखाली, वेगळ्या हातचे, बाळबोध अक्षर, ‘झाले. दुसरे पाठवावे.’

वर्षभरात अशी नऊ पुस्तके गेली. आम्ही मोजली.

लग्नानंतर आजी पहिल्या बाळंतपणासाठी झाशीला गेली, तेव्हाची पत्रे थेट तिच्या नावे आहेत. पहिल्या पत्रात ‘आपण’, चौथ्यात ‘तू’. आजीच्या एकाही पत्रात आजोबांचे नाव नाही.

‘आपण’चे ‘तू’ झाले, त्यात किती काही घडले! ते कळायला मराठी नुसती बोलता येऊन भागत नाही, वाचताही यावी लागते. मोडीचे दार आमच्या पिढीला बंद झाले. आज आपली मुले घरी छान मराठी बोलतात, पण मराठीचे पान समोर आले की अडखळतात. उद्या बाळबोध पत्रेही त्यांना कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागतील काय?

पालकांना विनंती, महिन्यातून एकदा मुलांकडून आजी-आजोबांना मराठीत पत्र लिहवून घ्या. चुका झाल्या तरी चालतील. आणि विश्वस्तांनी मोडीचा वर्ग काढलाच, तर पहिल्या बाकावर आम्ही बसू.