सव्वा महिन्याची सोबत

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणत आल्या आहेत. पण हा दुसरा जन्म नक्की पुरा कधी होतो? नर्सने बाहेर येऊन 'मुलगी झाली' किंवा 'मुलगा झाला' असं सांगितलं की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. कोणी पेढे आणायला धावतं, कोणी फोनला चिकटतं. जणू सगळा धोका टळला! प्रत्यक्षात मात्र बाळंतिणीची खरी परीक्षा पुष्कळदा ती घरी परतल्यावरच सुरू होते.

जयपूरच्या बनी पार्कमधल्या एका घरात हेच घडलं. रुंद रस्ते, जुने बंगले आणि हवेल्या असलेली ही वसाहत. या घरात साताऱ्याची मुलगी सून म्हणून आली होती. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण नोकरी आणि रजेचं गणित जमेना. म्हणून मुलगी माहेरी जाण्याऐवजी आईच साताऱ्याहून जयपूरला आली. बाळंतपण हॉस्पिटलमध्ये सुखरूप पार पडलं. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या.

दोन आया, एक बाळंतीण

घरात आता अनुभवी बायका दोन. सासूबाईंनी सुंठ आणि गोंदाचे लाडू आधीच करून ठेवले होते. प्यायला ओव्याचं उकळलेलं पाणी. आईने साताऱ्याहून अळीव, डिंक, खारीक आणि बाळंतशोपा आणल्या होत्या. जयपूरकडे विहीरपूजनाच्या दिवशी बाळंतीण माहेरची पिवळी ओढणी नेसते, हे कळल्यावर आईने शेजारणीला बरोबर घेऊन बाजारातून तीही आणली. दोघी विहिणी समजूतदार होत्या. तरी मतभेद व्हायचेच. एक म्हणे, खोलीची खिडकी उघडायची नाही. दुसरी म्हणे, शेक दिल्याशिवाय कंबर भरून यायची नाही. बाळाला मध चाटवायचा की नाही यावरूनही एकदा वाद झाला. तेव्हा मुलीनेच सांगितलं, "आई, मम्मीजी, डॉक्टरांनी अंगावरच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही म्हणून बजावलंय." दोघी गप्प झाल्या. एकीकडे मुलगी, दुसरीकडे सून. तिचं ऐकायलाच हवं.

सहाव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला. एरवी प्रत्येक गोष्टीत दोन मतं असणाऱ्या विहिणींचं या बाबतीत मात्र लगेच एकमत झालं. "दूध भरून आलंय, त्याचा ताप. उतरेल आपोआप." मुलगीही तेच समजली. ओटीपोटात दुखत होतं, पण बाळंतपणानंतर दुखायचंच, असं म्हणून ती पडून राहिली.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई बाळ बघायला आल्या. सगळे त्यांना सिस्टरजी म्हणत. त्यांची अर्धी हयात प्रसूतिकक्षात गेलेली. बाळाच्या वजनाचं, झोपेचं, रंगाचं कौतुक ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाळाचं सगळं सांगितलंत. हिचं कोणी पाहिलं?"

खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. सिस्टरजींनी दार लोटून घेतलं. नाडी पाहिली, थर्मामीटर लावला, पोटावर हलक्या हाताने दाबून पाहिलं. मग जे दोन्ही आयांनी संकोचाने विचारलं नव्हतं ते सरळ विचारलं. स्राव किती आहे? त्याला वास येतो का? मुलगी हळूच म्हणाली, "येतो, दोन दिवसांपासून." तासाभरात तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला होता. वेळेवर औषधं सुरू झाली आणि ती बरी झाली. आणखी दोन दिवस 'दुधाचा ताप' म्हणून काढले असते तर? तो विचारही त्या घरात कोणाला नको वाटतो.

गडचिरोली आणि उदयपूर काय सांगतात?

या दोन विहिणी अडाणी नव्हत्या, निष्काळजी तर मुळीच नव्हत्या. मग चुकलं कुठे? याचं उत्तर सुईणी, दाया आणि नर्स यांच्या कामावर झालेल्या अभ्यासांत सापडतं. त्यातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातलाच आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या 772 स्त्रियांची बाळंतपणात आणि त्यानंतरचे 28 दिवस घरोघरी जाऊन पाहणी केली. या भागात तेव्हा बाळंतपणं मुख्यतः घरीच होत. प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी काही ना काही त्रास झालेल्या स्त्रिया होत्या सुमारे 18 टक्के. प्रसूतीनंतरच्या दिवसांत त्रास झालेल्या मात्र सुमारे 43 टक्के! स्तनांच्या तक्रारी, उशिरा होणारा रक्तस्राव, जंतुसंसर्ग, झोप न लागणं अशी ती दुखणी होती. म्हणजे कळा संपल्या म्हणून दुखणं संपत नाही.

'पण आमचं बाळंतपण तर हॉस्पिटलमध्ये झालं,' असं कोणी म्हणेल. त्याचं उत्तर खुद्द राजस्थानातून मिळतं. उदयपूरकडच्या ग्रामीण भागात 'अर्थ' या संस्थेच्या प्रशिक्षित नर्स-सुईणी 2007 ते 2010 या काळात बाळंतिणींच्या घरी पहिल्या आठवड्यातच जात होत्या. हातात तपासणीची ठरलेली यादी असे. त्यांनी 4,975 स्त्रियांना तपासलं. घरी बाळंत झालेल्यांपैकी 9.7 टक्के स्त्रियांमध्ये जिवावर बेतू शकेल असा आजार आढळला. आणि दवाखान्यात बाळंत झालेल्यांमध्ये? 6.6 टक्के. म्हणजे दवाखान्यामुळे धोका कमी झाला, पण संपला नाही. दवाखान्यातून परतलेल्या दर पंधरा स्त्रियांमागे एक स्त्री धोक्यात होती. ज्यांचं रक्त तपासलं त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींना मध्यम किंवा तीव्र रक्तक्षय होता.

राजस्थानात 2005-06 मध्ये जेमतेम 30 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण 95 टक्क्यांच्या घरात गेलं. ही मोठीच झेप आहे. पण दवाखान्यातला मुक्काम असतो दोन-तीन दिवसांचा, आणि सव्वा महिना काढायचा असतो घरात. त्या सव्वा महिन्यात लाडू, शेक, मालीश सगळं होतं. फक्त जाणत्या नजरेने बाळंतिणीला तपासणारं कोणी नसतं.

जाणत्या बाईचं मोल

ही जाणती नजर काय करू शकते, हेही गडचिरोलीनेच दाखवलं. तिथे गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं गेलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर औषध-इंजेक्शनही द्यायचं. पूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांमधली सोळा-सतरा दगावत. या बायकांनी उपचार सुरू केल्यावर हे प्रमाण तिनावर आलं. 39 गावांमधला नवजात बालमृत्युदर, जिथे ही सेवा नव्हती अशा गावांच्या तुलनेत, तीन वर्षांत 62 टक्क्यांनी घटला. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 2011 पासून देशभर आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी जायचं जे वेळापत्रक सुरू झालं, त्यामागे हाच अनुभव आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी त्यात ठरलेल्या आहेत.

परदेशांतही निष्कर्ष वेगळा नाही. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत एकाच ओळखीच्या सुईणीची सोबत मिळाली तर काय होतं, यावरच्या 17 चाचण्यांचा एकत्र आढावा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 18 हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. ज्यांना अशी सोबत मिळाली त्यांची बाळंतपणं अधिक प्रमाणात नैसर्गिक झाली आणि आपल्या अनुभवाबद्दल त्या अधिक समाधानी होत्या. आपल्या सरकारनेही 2018 मध्ये सुईण-सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नर्सना दीड वर्षाचं खास शिक्षण देऊन तयार करायचं हे त्यातलं मुख्य काम.

पण अशी सुईण प्रत्येक घरापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. आणि बंगल्यांच्या, फ्लॅटच्या वसाहतीत आशाताईंची वाट बघूनही चालत नाही. तोवर काय करायचं? बाळंतपणाची तयारी करताना लाडवांच्या सामानाबरोबर आणखी एक गोष्ट ठरवून ठेवावी. घरी आल्यावर बाळ-बाळंतिणीला कोण तपासणार आणि कोणत्या दिवशी? ओळखीची नर्स असेल, जवळचं आरोग्य केंद्र असेल, फॅमिली डॉक्टर असतील. पहिल्या आठवड्यात एकदा आणि सहा आठवडे झाल्यावर एकदा तरी ही तपासणी व्हायलाच हवी.

शिवाय घरच्यांनी रोज विचारावं. ताप आहे का? रक्तस्राव अचानक वाढला का, त्याला दुर्गंधी आहे का? डोकं फार दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का? एका पायाची पोटरी सुजून दुखते का? धाप लागते का? दोन आठवडे उलटूनही उगाच रडू येतं, बाळाकडेही बघावंसं वाटत नाही, असं होतं का? बाळाच्या बाबतीत पाहावं की ते नीट ओढून दूध पितं ना? हातपाय गार पडलेत का? श्वास फार जलद चालतो का? तळहात-तळपाय पिवळे दिसतात का? नाळेभोवती लाली किंवा पू आहे का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर चिंतेचं असेल तर 'असं होतंच' म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

जुन्या बायकांनी सव्वा महिना बाळंतिणीला एकटं सोडलं नाही, यात मोठं शहाणपण होतं. ती विश्रांती, ते खाणंपिणं, ती माया हवीच. त्या मायेला थोडी माहितीची जोड हवी आणि विचारताना संकोच नको. बाळ बघायला येणारे पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी एकीने तरी आधी बाळंतिणीच्या कपाळावर हात ठेवावा आणि विचारावं, "तू कशी आहेस?" आणि ती 'ठीक आहे' म्हणाली, तरी पुन्हा एकदा विचारावं.