दुसरी हालचाल

२०२२च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट (कॉलेजातल्या खेळाडूंची निवड) झाला, तेव्हा पहिली पाचही नावं बचावफळीतली निघाली. दोनच वर्षांनी डेट्रॉइटमध्ये नेमकं उलटं घडलं. पहिले चौदाच्या चौदा खेळाडू आक्रमणातले. पंधराव्या क्रमांकावर इंडियानापोलिस कोल्ट्सनी लायाटू लाटूचं नाव घेतलं, तेव्हा कुठे बचावाचं खातं उघडलं. ड्राफ्टच्या इतिहासात बचावपटूंना इतकी वाट कधी पाहावी लागली नव्हती. त्यानंतर अनेकांनी मला विचारलं, दोन वर्षांत बचावाची किंमत एवढी उतरली का? तसं नाही. त्या वर्षी पहिल्या बारा जणांत सहा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू, होते, आणि क्वार्टरबॅक हवा असला की संघ बाकीच्या गरजा बाजूला ठेवतात. बचावपटू पारखायला मात्र वेळ द्यावा लागतो. माझी नोकरी तो वेळ देण्याचीच आहे.

मी एका संघाच्या स्काउटिंग विभागात आहे. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या बचावपटूंची फिल्म बघायची आणि अहवाल लिहायचे, हे माझं काम. इकडच्या, म्हणजे अमेरिकन, फुटबॉलची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार डाव मिळतात आणि त्यांना रोखणारे अकरा जण वेगळे असतात. ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. बत्तीस संघ आळीपाळीने निवडतात, आदल्या वर्षी तळाला राहिलेला संघ सर्वांत आधी. अडीचशेच्या वर पोरं निवडली जातात. जानेवारीच्या अखेरीस अलाबामातल्या मोबील गावी सीनियर बाउलचा सराव असतो, मग इंडियानापोलिसला मोजमापांचा मेळा, ज्याला सगळे कंबाइन म्हणतात, आणि एप्रिलमध्ये निवड. पण खरं काम शरद ऋतूतच सुरू झालेलं असतं, अंधाऱ्या खोलीत, पडद्यासमोर.

आक्रमणातल्या अकरांना चेंडू कधी हलणार आणि कुठे जाणार हे ठाऊक असतं. बचावातल्या अकरांना दोन्ही ठाऊक नसतं. मी कबड्डी बघत वाढलो, त्यामुळे हे मला लवकर उमगलं. चढाईपटू मनात काहीतरी ठरवून येतो आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या गड्याला त्याच्या पायाकडे बघत थांबावं लागतं. घोट्याला हात घातला आणि पकड निसटली, तर पुढच्या क्षणी तो कमरेला झेपावतो की जमिनीवर पडून राहतो, यावर त्याची किंमत ठरते. फुटबॉलच्या बचावपटूचंही असंच. समोरचा त्याला पहिल्यांदा चुकवणारच आहे, त्याला पगारच त्याचा मिळतो. मी बघतो ती त्यानंतरची दुसरी हालचाल.

एक उदाहरण जवळून सांगतो. मधल्या फळीतल्या एका विद्यापीठाचा सामना मी बघत होतो. बावीसही खेळाडू दिसतील अशा उंचावरून घेतलेली फिल्म, रिमोटवर पुढे-मागे करत. तिसरा डाव, सात यार्ड बाकी, म्हणजे पास येणार हे सगळ्यांना माहीत. आमच्या यादीतला पोरगा डाव्या टॅकलच्या, म्हणजे क्वार्टरबॅकची ती बाजू राखणाऱ्या खेळाडूच्या, बाहेरच्या खांद्यासमोर, एक हात जमिनीला टेकवून. चेंडू हलला तसं त्याचं पहिलं पाऊल उत्तम पडलं. टॅकल अनुभवी होता. त्याने घाई केली नाही, तिरपा मागे सरकला आणि पोराने छातीवर रोवायला पुढे काढलेला हात मनगटावर फटका मारून खाली पाडला. बहुतेकांचा डाव इथे संपतो. पाय पळत राहतात, पण छाती उघडी पडते, आणि टॅकल त्यांना ढकलत क्वार्टरबॅकच्या पाठीमागून लांब नेऊन सोडतो. या पोराने खाली गेलेला हात तसाच वर आणत टॅकलच्या कोपराखाली घातला, आतला खांदा जमिनीकडे झुकवला आणि घोटा इतका वाकवला की बुटाची फक्त कड गवताला टेकलेली दिसत होती. त्या एका कडेवर तोल धरून तो वळला. तोवर चेंडू हातातून सुटला होता. सॅक नाही, म्हणजे फेकण्याआधी क्वार्टरबॅकला पाडलं नाही, त्यामुळे आकडेवारीत या डावाचा मागमूस नाही. मी अहवालात लिहिलं: ‘पहिली वाट बंद झाली की दुसरी तयार असते. मध्ये थांबत नाही.’ मग त्याचे बाकीचे सामने लावले आणि शेवटच्या, पावसातल्या सामन्यात, चिखलात, तेच वळण टिकतं का ते शोधलं. टिकत होतं. चौथ्या सत्रात, दमलेल्या पायांवरसुद्धा.

इंडियानापोलिसला या दुसऱ्या हालचालीचं मोजमाप होत नाही. तिथे ४० यार्डांची धाव, उभी उडी, लांब उडी, २२५ पौंडांचं वजन किती वेळा उचललं, हाताची लांबी, पंजाची रुंदी, हे सगळं मोजतात. सगळंच पहिल्या हालचालीचं. समोर कोणी नसतं, हातावर कोणी फटका मारत नाही, कुठे धावायचं ते आधीच सांगितलेलं असतं. व्हर्नन गोल्स्टनने २००८ मध्ये ते वजन ३७ वेळा उचललं. ओहायो स्टेटसाठी त्याने आदल्या हंगामात १४ सॅक केले होते. न्यूयॉर्क जेट्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. जेट्सकडच्या तीन हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही. टेरेल सग्जचं २००३ मध्ये उलट झालं. अ‍ॅरिझोना स्टेटकडून एका हंगामात २४ सॅक, कॉलेज फुटबॉलचा विक्रम. पण ड्राफ्टच्या आधी ४० यार्ड धावायला त्याला ४.८ सेकंदांहून जास्त वेळ लागला आणि चर्चा त्याचीच झाली. बॉल्टिमोर रेव्हन्सनी दहाव्या क्रमांकावर त्याला उचललं. तो १३९ सॅक करून निवृत्त झाला, आणि २०११ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

यावरून आकडे फेकून द्यावेत असं मी म्हणत नाही. सॅकचे आकडेही फसवतात. गोल्स्टनकडे तेही होते. एकेक सॅक उघडून बघावा लागतो. टॅकल घसरून पडला होता का, क्वार्टरबॅक चेंडू धरून उगाच रेंगाळला का, की पोराने ती जागा स्वतः कमावली? धावेतलेही पहिले दहा यार्ड मी नेहमी बघतो, कारण एज रशर, म्हणजे कडेवरून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू, डावात त्याहून जास्त अंतर क्वचितच सरळ धावतो. हाताची लांबीही खरी गोष्ट आहे. लांब हाताचा माणूस आधी टेकतो. पण आरन डोनाल्ड २०१४ मध्ये आला तेव्हा बचावफळीच्या मध्यावर खेळायला त्याची उंची आणि वजन दोन्ही कमी पडतात, असं म्हणणारे पुष्कळ होते. साधारण सहा फूट एक इंच, २८५ पौंड. तो तेराव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि रॅम्सना मिळाला. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. त्याची फिल्म मी आजही नव्या सहकाऱ्यांना दाखवतो. त्याचे हात बघा, एवढंच सांगतो. समोरच्याचा पंजा छातीवर बसायच्या आत त्याचा दुसरा हात निघालेला असतो.

२०२२ची ती पहिली दोन नावं या वादाचं सर्वांत चांगलं उदाहरण. ट्रॅव्हॉन वॉकर जॉर्जियाचा: २७२ पौंडांचा माणूस ४० यार्ड ४.५१ सेकंदांत धावला, हाताची लांबी साडेपस्तीस इंच, पण त्या हंगामात सॅक सहाच. एडन हचिन्सन मिशिगनचा: हात त्यापेक्षा तीन इंचांहून आखूड, पण सॅक १४, आणि हाइझमन पुरस्काराच्या मतदानात दुसरा. जॅक्सनव्हिलने वॉकर घेतला, डेट्रॉइटने हचिन्सन. वॉकरची बाजू कच्ची नव्हती. जॉर्जियाच्या बचावातले पाच जण त्या वर्षी पहिल्या फेरीत गेले. एवढ्या गर्दीत त्याला कधी आत, कधी बाहेर, संघाला हवं तिथे उभं करत, आणि एकट्याने नाव कमवायला जागा थोडीच होती. पुढे २०२३ आणि २०२४ अशा दोन हंगामांत त्याने दहा किंवा त्याहून जास्त सॅक केले. तरीही त्या दिवशी माझ्या हाती निवड असती तर मी हचिन्सनच घेतला असता, आणि आजही घेईन. त्याची पहिली चाल अडली की दुसरीसाठी त्याचे हात आधीच जागेवर असतात. वॉकरला ते व्यावसायिक संघात येऊन शिकावं लागणार होतं. शिकवता येतं, पण शिकवायला वर्षं लागतात, आणि पहिल्या फेरीतल्या पोराचा करार चार वर्षांचा असतो. पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर.

मागच्या फळीतले, म्हणजे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी, बघताना मी नजर जरा बदलतो. तिथे दुसरी हालचाल म्हणजे पास पकडणारा निसटल्यावर त्याला परत गाठणं. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डला गेला तो स्वतः पास पकडणारा म्हणून. कॉर्नरबॅक उशिरा झाला. २०११ मध्ये सिएटलने त्याला पाचव्या फेरीत, १५४व्या क्रमांकावर घेतलं. सहा फूट तीन इंचांचा, लांब हातांचा. तो सर्वांत वेगवान नव्हता, पण समोरचा कुठे वळणार हे शर्मनला स्वतः त्या जागेवर खेळून माहीत होतं, त्यामुळे मागे पडला तरी चेंडू येईपर्यंत हात पोचायचा. सिएटलला उंच आणि लांब हातांचेच कॉर्नरबॅक हवे होते आणि काय शोधायचं ते त्यांच्या मनात स्वच्छ होतं. त्याआधीच्या वर्षी कॅम चान्सलरही त्यांना पाचव्याच फेरीत मिळाला होता. २०१४च्या फेब्रुवारीत याच मागच्या फळीच्या जोरावर त्यांनी डेन्व्हरला सुपर बाउलमध्ये ४३-८ हरवलं. प्रत्येक संघाने शर्मनच शोधावा असं नाही. आपल्या बचावात पोर कुठे उभं राहणार, हे ठरलेलं नसेल तर चांगला खेळाडूही वाया जातो. आता तर पास वाढल्यामुळे पाच बॅक मैदानात असणं हीच नेहमीची मांडणी झाली आहे, आणि मधल्या जागेवर छोट्या, चपळ पास पकडणाऱ्याला चिकटून राहणारा माणूस ही पूर्ण वेळची नोकरी आहे. काइल हॅमिल्टन २०२२ मध्ये ४० यार्ड ४.५९ सेकंदांत धावला म्हणून चौदाव्या क्रमांकावर घसरला. सहा फूट चार इंचांच्या या माणसाला बॉल्टिमोरने कधी मागे, कधी मध्यावर, कधी थेट क्वार्टरबॅकवर सोडलं, आणि २०२३च्या हंगामात तो ऑल-प्रो झाला.

लाइनबॅकरबद्दल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये उभ्या राहणाऱ्यांबद्दल, फार बोलत नाही. तिथे सगळं डोळ्यांत असतं. झॅक थॉमस सहा फुटांपेक्षा बुटका, १९९६ मध्ये १५४व्याच क्रमांकावर मायामीला मिळाला आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. चेंडू हलल्यावर पहिलं पाऊल चुकीच्या दिशेला पडलं, तर दुसरं किती लवकर सुधारतो, एवढंच मी मोजतो.

एक गोष्ट मात्र मी फिल्मवर मोजू शकत नाही. लाटूला २०२१ मध्ये मानेच्या दुखापतीमुळे वॉशिंग्टन विद्यापीठात वैद्यकीय कारणावरून खेळ सोडावा लागला होता. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो यूसीएलएकडून मैदानात परतला, २०२३ मध्ये लोम्बार्डी पुरस्कार जिंकला, आणि मग डेट्रॉइटची ती रात्र आली. अशा पोराच्या नावापुढे मी कितीही चांगलं लिहिलं, तरी शेवटचा शब्द डॉक्टरांचा, आणि तसाच असला पाहिजे. एकवीस-बावीस वर्षांच्या पोराची मान ही माझ्या यादीतल्या जागेपेक्षा मोठी गोष्ट आहे. वैद्यकीय अहवाल बाजूला सारून निवड रेटणारी माणसं या धंद्यात आहेत. त्यांच्याशी माझं कधीच पटलेलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्ट बघणार असाल तर एक विनंती आहे. एखाद्या बचावपटूचं नाव पुकारलं की पडद्यावर लगेच त्याच्या सॅकचे तुकडे दाखवतील. ते बघा, पण तेवढ्यावर मत बनवू नका. त्याच्या कॉलेजचा एक पूर्ण सामना शोधा, शक्यतो त्यांनी हरलेला, आणि ज्या डावांत चेंडू त्याच्याकडे आलाच नाही किंवा समोरच्याने त्याला आधी चुकवलं, तेवढेच डाव बघा. तासाभरात तुमचं मत तयार होईल, आणि बहुतेक वेळा ते आमच्या खोलीतल्या मतापासून फार लांब नसेल.